चिमणीचा पापुद्रा

प्रयोगशाळेतल्या काकांना आठवड्यातून एकदाच माणसासारखं बोलायला मिळायचं, रविवारी सकाळी चिमणीचा फोन आला की. बाकी सहा दिवस "काका, हे सेल लावून द्या" आणि "काका, झाले का?" एवढंच. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा होता, पण तो फोन उचलायचा तोच मुळी "मीटिंगमध्ये आहे" सांगायला. आता याला काय बोलणं म्हणायचं?

चिमणी म्हणजे चार वर्षांपूर्वी इथे संशोधन करणारी पोरगी. एवढीशी, पण बडबड अशी की कान किटावेत. बॅटरीत पेट घेणाऱ्या द्रवाऐवजी प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा घालायचा आणि त्यातून लिथियम भराभर सरकवायचं, हे तिचं वेड. पापुद्रे ती बनवायची. हवाबंद काचपेटीत जाड हातमोज्यांतून ते सेलमध्ये बसवायचे काका. त्यात त्यांचा हातखंडा. तिचा सगळ्यात चांगला पापुद्रा त्यांनीच बसवला, त्यातून लिथियम किती भराभर सरकतं तेही त्यांनीच मोजलं, आणि आकडा आला हवा होता त्याच्या निम्म्याहून जरासा जास्त. समितीने काम बंद केलं. चिमणीने गाशा गुंडाळला आणि भावाच्या औषधांच्या दुकानात जाऊन बसली. सेल मात्र चार्ज-डिस्चार्ज होत यंत्रावर तसाच राहिला. कुणी काढा म्हटलं नाही, काकांनी काढला नाही.

या बुधवारी बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, यंत्रावरची ती जागा मागितली. काकांनी सेल काचपेटीत घेतला, उघडला, चिमट्याने पापुद्रा उचलला आणि सहज म्हणून जाडी मोजली. ऐंशी मायक्रॉन. अरेच्चा! वहीत तर चिमणीने पापुद्रा बनवतानाच मोजून चाळीस लिहिलेले. त्यांनी कडेला चिमटा लावून हळूच ओढलं, तर एकाचे दोन पापुद्रे झाले.

चिकट पापुद्रे, एकाला एक लागलेले, आणि यांनी जोडीच उचलून बसवलेली! लिथियम बिचारं दुप्पट वाट तुडवत होतं आणि हिशेब मात्र एकेरी वाटेचा. म्हणजे खरा आकडा दुप्पट. पोरगी जिंकली होती हो, आणि तिला हरलीस म्हणून सांगितलं कुणी, तर यांनी.

कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पापुद्रे कचऱ्यात टाकले असते, वही कपाटात गेली असती आणि रविवारचा फोन चालू राहिला असता. दोन दिवस काका धड जेवले नाहीत. सांगितलं तर ती संबंधच तोडणार, आणि न सांगता तिच्याशी हसून बोलायला तोंड कुठलं आणायचं? शुक्रवारी दुपारी त्यांनी आपणहून फोन लावला.

"काका? आज कसा काय? बरे आहात ना?"

त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"तुझंच बरोबर होतं, बाळा. चूक माझी. बाईंना आजच लिहून देतोय."

"काका, मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, अजून एक सेल लावून बघू या का म्हणून. आठवतं?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं!

"काय म्हणाला होतात तुम्ही?"

"म्हणालो, माझा हात चुकत नाही."

"हो," चिमणी म्हणाली. मग गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला, कुठलं हवंय?" आणि फोन ठेवला.