खिट्टी चांगली होती

जनरल फाउस्तो किस्बर्ट शुक्रवारी निवृत्त झाला. बँड वाजला, भाषणं झाली. छत्तीस वर्षं लढाऊ विमानं उडवलेला हा गडी मंगळवारी सकाळी एल आल्तो शहरातल्या एका विटांच्या घरासमोर आला, तेव्हा मात्र दार न वाजवता दोनदा पुढे निघून गेला. घर होतं त्याच्या जुन्या मेकॅनिकचं, हिलारिओन तारकीचं.

कार्निव्हलचा मंगळवार. गल्लीत फटाके, घराघरांच्या उंबऱ्यावर पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी, बीअर शिंपडणं चाललेलं. फाउस्तोही बीअरचा क्रेट घेऊन आला होता. रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि तेही असलं काही सांगायला!

सव्वीस वर्षांपूर्वी तो लेफ्टनंट होता. हवेत कसरती करून, शेखी मिरवत उतरायला आला आणि पठ्ठ्या चाकं खाली घ्यायलाच विसरला! विमान पोटावर घसरत गेलं, त्याच्या कंबरेला मार बसला. धुरात बसल्या बसल्या त्याने चाकांचा दांडा गुपचूप खाली ओढला, मग बाहेर उडी मारली. चौकशीवाल्यांना दांडा खाली दिसला आणि चाकं आत. म्हणजे चाकं धरून ठेवणारी खिट्टी अडकली. खिट्टी बसवली कोणी? हिलारिओनने. त्याला विमानांवरून काढून गोदामात ब्लँकेटं वाटायला बसवलं.

कॅप्टन झालो की सांगतो, असं फाउस्तोने ठरवलं. झाला कॅप्टन. मेजर झाल्यावर वाटलं, आत्ताच कुठे तुकडी हातात आलीये. कर्नल झाल्यावर तर तोंडच शिवलं गेलं. आणि मनाची समजूत काय, तर हिलारिओन उस्तादला कळलंच असेल, त्याच्या नजरेतून काही सुटतं होय! लबाड मेलं मन.

दार हिलारिओनच्या बायकोने, एन्कार्नाने उघडलं.

"अगंबाई! जनरलसाहेब! अहो, बघा तरी कोण आलंय!"

हिलारिओन आला. पार वाळून गेला होता. त्याने फाउस्तोचे दोन्ही हात धरले आणि पहिलं काय विचारलं?

"साहेब, कंबर कशी आहे? थंडीत दुखते का हो अजून? दर हिवाळ्यात मनात येतं, माझ्या हातांनी तुमची कंबर मोडली. जीवच जायचा तुमचा."

उस्तादला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

"हे साधा दिवा बदलत नाहीत घरातला," एन्कार्ना पुचेरोच्या रश्श्याचं पातेलं ढवळत म्हणाली. "म्हणतात, माझ्या हातांचा भरवसा नाही."

"उस्ताद," फाउस्तो म्हणाला, "खिट्टी चांगली होती. मी चाकं खाली घ्यायला विसरलो होतो. दांडा मी नंतर ओढला."

एन्कार्नाचा डाव थांबला.

"सव्वीस वर्षं! तुमच्या छातीवर पदकं लागत होती आणि हा माणूस झोपेत दचकून उठत होता. काही लाज?"

"रोज वाटली, वहिनी. हिंमत झाली नाही."

"आभाळात कोलांट्या मारायला बरी झाली!"

हिलारिओनचं तिकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे खिट्टी चालत होती?"

"चालत होती."

"डावीकडची पण?"

"दोन्ही, उस्ताद."

"म्हणजे मी नीट बसवली होती," हिलारिओन स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला. "एन्कार्ना, ऐकलंस? मी नीट बसवली होती गं!" आणि तो रडायला लागला, रडता रडता हसायला लागला.

शिव्या खायची तयारी करून आला होता फाउस्तो. एखादी ठेवून दिली असती, तीही खाल्ली असती. हा आनंद मात्र त्याला सोसेना. तो क्रेटवर मटकन बसला आणि तोंड झाकून लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात जेवायला पाहुणे यायला लागले. हिलारिओनने नाक पुसलं, फाउस्तोला दंडाला धरून उठवलं.

"उठा साहेब. हा माझा साडू. ह्याला सांगा."

फाउस्तोने सांगितलं. मग समोरचा मिनीबसवाला आला. "ह्यालाही सांगा. पहिल्यापासून सांगा." त्यालाही सांगितलं. मिनीबसवाल्याने जनरलला तोंडावर दोन शब्द सुनावले, तेही त्याने ऐकून घेतले.

एन्कार्नाने त्याच्याकडे न बघता ताटली पुढे सरकवली. "खाऊन घ्या आधी. माझी बहीण यायचीये, तिलाही तुम्हीच सांगायचं."

जेवणं उरकेपर्यंत जनरलने ते अकरा जणांना सांगितलं. दर वेळी खिट्टीपाशी आला, की हिलारिओन शेजारच्याला कोपराने ढोसायचा आणि म्हणायचा, "ऐकलंस?"