खळ लावलेली न्हाणी

टक्.

आणि मागोमाग एक ओला धप्प. दुपारी सगळं घर निपचित पडलेलं असताना आवाज न्हाणीतून आला. रीता कणकेचे हात तसेच घेऊन धावली. नळाच्या वरची टाइल निसटून टबातल्या भिजवलेल्या कपड्यांवर आडवी पडली होती. सकाळी त्याच टबात तिची पाच वर्षांची नंदिनी बसून बाहुलीचे केस धूत होती.

रीताने टाइल उलटवली. पाठीवर पांढुरकी साय तेवढी. बोट फिरवलं, तर तीही पिठासारखी हातावर आली.

ही करामत सासऱ्यांची. गोपाळरावांनी जन्मभर कोशाचं रेशमी कापड विणलं, आणि सुताला लावायच्या त्यांच्या हातच्या खळीला साऱ्या मोहाडीत नाव होतं. माग कधीचा विकला, पण नाव काही विकता येत नाही. ते घरात हिंडत असतं आणि काम शोधत असतं. न्हाणी बांधायला काढली तेव्हा त्याला काम सापडलं. भोजराज मिस्त्रीने टाइल चिकटवायचं केमिकल कालवलं होतं. गोपाळरावांनी घमेल्यात डोकावून कपाळाला हात लावला.

"हे काय पुरन घोटून राहिला का बे? येवढं घट्ट सुतात शिरते का?"

"मालक, हे सूत नाई, भित हाय."

"चिकट ते चिकट! पातळ कर. आत मुरलं पायजे."

भोजराजने आयुष्यात कुठल्याच मालकाला नाही म्हटलेलं नव्हतं. म्हणून तर त्याला तालुकाभर काम होतं. त्याने पाणी ओतलं. मग गोपाळरावांनी कोरड्या टाइला सुतासारख्या भिजत घातल्या, आणि कुंचा घेऊन भिंतीला स्वतःच्या हाताने त्या पातळ केमिकलची खळ चढवली. टाइला काही चिकटल्या नाहीत. पण त्या उभ्या राहिल्या, एकत्र कुटुंबासारख्या. खालचीच्या डोक्यावर वरची, तिच्या डोक्यावर आणखी एक, आणि बाहेरच्यांना दिसू नये म्हणून फटींत पांढरं सिमेंट.

रीताने तेव्हाच पोत्यावरचा मजकूर वाचून दाखवला होता. गवंड्याच्या करणीवर थांबेल इतकं घट्ट कालवा, थोडं मुरू द्या, पुन्हा घोटा, दात्यांच्या पट्टीने भिंतीवर रेघा ओढा, टाइल कोरडीच दाबा. जिथे पाणी पडतं तिथे तर मागे बोटभरही पोकळी नको. सासू राधाबाई म्हणाल्या होत्या, "पोतं वाचून कोनी न्हानी बांधते का वो?" आणि सगळे हसले होते. रीताही हसली होती, कारण हसणं सोपं होतं.

आता तिने लाटणं आणून भिंत ठोकून पाहिली. ठण, ठण. वरपासून खालपर्यंत पोकळ.

गोपाळराव डोळे चोळत आले. "काय ठोकून राहिली, सुनबाई?"

"मामाजी, सारी भित सुटली. पोरीच्या डोक्यावर पडन."

"तू ठोकली म्हनून सुटली! दोन महिने कशी मस्त उभी होती."

संध्याकाळी रीताचा नवरा भूषण वरठीच्या प्लांटवरून आला. तिथे एक वेल्डिंग चुकलं तर चार माणसांवर ओरडणारा तो, घरात वडिलांपुढे येताच आवाज फाटकाबाहेर मोटरसायकलजवळ ठेवून आला. "एकच तं पडली. लावून घेऊ ना. बाबाले कायले दुखवतं?"

"ठीक हाय जी," रीता म्हणाली. "भित निघत नाई तोपर्यंत नंदिनीची आंघोळ रोडवर, फाटकासमोर."

तिसऱ्या दिवशी राधाबाई हरल्या. नातीच्या डोक्याची काळजी त्यांनाही होतीच, पण जास्त धसका घेतला शेजारच्या गुणाबाईने विचारलेल्या प्रश्नांचा. त्यांनी तोड काढली. "भित काढू. पन लोकायले सांगू, का सुनेले रंग पसंद नाई पडला. मामाजीची इज्जत राह्यते."

रीताने लेकीच्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

भोजराज आला. टाइला छिन्नी दाखवताच उतरल्या. त्याने भिंत खरवडली, धुतली, केमिकल घट्ट घोटलं आणि दात्यांच्या पट्टीने शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या सरळ रेघा ओढल्या. रीताच्या सांगण्यावरून एक लावलेली टाइल पुन्हा उपटून दाखवली. पाठ कोपऱ्यापर्यंत भरलेली होती. गोपाळराव खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "मी पयलेच म्हनलो होतो, घट्ट पायजे."

"हो मालक," भोजराज म्हणाला.

नवी भिंत पाहायला गुणाबाई आल्या. "काहून वो, चांगल्या टाइला फोडल्या?"

"सुनबाईचे नखरे, बाई," राधाबाई म्हणाल्या. "रंग नाई आवडला म्हने."

गोपाळराव छताकडे पाहत होते, भूषण मोबाइलकडे. टबाजवळ नंदिनीला टॉवेलात गुंडाळत असलेल्या रीताने हसून सांगितलं, "हो ना काकू. मलेच नाई आवडला."

गुणाबाई चुकचुकत गेल्या. रीता लेकीचं डोकं पुसत राहिली. टॉवेलातून तोंड बाहेर काढून नंदिनीने विचारलं,

"आई, टाइल तं आपोआप पडली होती ना? मी मोठी झाली का मीबी असंच म्हनू?"