जड हात

"हात हलका ठेव, दांडगोबा, फळी फुटेल!" असं धाकट्या भावाला तीस वर्षं खडसावणारा थोरला सुतार रंधा मारता मारता भुशात कोसळला. श्वासच थांबला. धाकट्याची बोबडी वळली. कसाबसा त्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला.

"छातीच्या मधोमध दाबा. जोरात!" पलीकडून बाई म्हणाली.

त्यानं दाबलं, तर कडकन आवाज आला. त्यानं झटकन हात मागे घेतले. "बाई, फासळी मोडली! मीच मारलं दादाला!"

"फासळी जुळेल. थांबलात, तर दादा हातचे जातील. दाबा!"

गाडी येईपर्यंत तो रडत रडत दाबत राहिला.

चौथ्या दिवशी दवाखान्यात थोरल्यानं डोळे उघडले, छाती चाचपली आणि कण्हत म्हणाला, "हात हलका ठेव म्हटलं होतं ना?"