मिलिटरीवाल्यांना खोली नाही

"ह्या कार्डाची झेरॉक्स देता येत नाही, मॅडम. आम्हाला तशी ऑर्डर आहे," मयूर म्हणाला.

"मग मिलिटरीवाल्यांना आमच्याकडे खोली नाही," ओल्गा म्हणाली.

हे ती मनाचं बोलत नव्हती. मागच्या वर्षी कुणा पाहुण्याचे कागद अपुरे निघाले, म्हणून लॉजचे मालक गंगाधर सामंत यांना पोलिसांनी चार तास चौकीत बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून त्यांचा हुकूमच होता: ज्यांच्या कार्डाची झेरॉक्स मिळत नाही ते मिलिटरीवाले घ्यायचे नाहीत. परळच्या त्या काउंटरवर एकवीस वर्षं बसलेली ओल्गा हुकूम मोडणाऱ्यांतली नव्हती.

"आधार गावी राहिलं माझं. वडलांच्या नावावर द्या."

"दोघं राहणार तर दोघांचे पेपर लागतात रे बाबा."

वर्दीतल्या मयूरच्या मागे त्याचे वडील भिवा उभे होते. कॅन्सरमुळे त्यांची जीभ काढून टाकलेली होती. नाकात नळी होती. उद्यापासून सहा आठवडे रोज हॉस्पिटलात रेडिएशनचा शेक घ्यायचा होता.

सोफ्यावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाने हे मोबाईलवर टिपलं, मोबाईल खिशात घातला आणि तो निघून गेला. त्यानंतर ओल्गा पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "सहाला माझी ड्युटी सुटते. समोर चहावाल्याकडे बसा. दादरला माझी खोली आहे. एकटीच असते मी."

हे मात्र कुणी टिपलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं ओल्गाच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. तिचं ते एक वाक्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. चर्चेला चारजण होते. एकाने तिचं परेरा हे आडनाव दोनदा सावकाश उच्चारलं आणि विचारलं, "ह्या बाई खातात कुठल्या देशाचं?" दुसरा म्हणाला, लॉजला टाळं लावा. सामंत फोनवरून सांगत होते, "तो त्या बाईंचा वैयक्तिक निर्णय होता. मला कल्पनाच नव्हती."

मयूरच्या मांडीवर ताट होतं. ओल्गाने केलेलं बांगड्याचं कालवण त्यात तसंच निवत होतं. त्याने टीव्ही बंद केला.

"मावशी, परवानगीशिवाय मीडियाशी बोललो तर माझ्यावर चौकशी लागेल."

"मी कुठे म्हटलं बोल म्हणून?"

पण त्याने बोलावं असं तिला वाटत होतं. फार वाटत होतं. त्याने ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "तुम्हीपण माझं नाव कुठे..."

"नाही घेणार."

"आणि आण्णा?" त्याने वडलांकडे पाहिलं. "परवा माझी सुट्टी संपते."

"राहतील इथेच. जेवण नळीतून कसं द्यायचं तेवढं मला दाखवून जा."

मयूर गेला त्याच दिवशी सामंतांनी तिला माफीचा व्हिडिओ करायला बोलावलं. काउंटरमागे नवा फलक लागला होता: जवानांना निम्म्या दरात खोली.

"शेठ, तुम्हीच सांगितलेलं ना, मिलिटरीवाले घेऊ नको म्हणून?"

"कुठे लिहून दिलंय मी?"

ओल्गा हात जोडून कागदावरची माफी वाचू लागली. ती मध्येच अडखळली, तेव्हा सामंतांनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "चेहरा कोरडा वाटतो. रडल्यासारखं दिसू दे जरा." तिसऱ्या खेपेला तिला खरंच रडू आलं. ते त्यांना पसंत पडलं.

"तो जवान माझ्याच घरी राहिला," एवढं एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

व्हिडिओ गेल्यावर सामंतांनी चाव्यांचा जुडगा मागून घेतला. "उद्यापासून येऊ नका. लोकांना तुमचं तोंड दिसायला नको."

ती दादरला उतरली. गल्लीतल्या रघुच्या दुकानात अंडी मागितली. रघु म्हणाला, "तुम्हाला आपल्याकडे माल नाही, बाई." मागे दोन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक, लविना, रविवारी चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसायची. तिने पुढे होऊन स्वतःसाठी अंडी घेतली.

खोलीच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगाने 'गद्दार' लिहून ठेवलं होतं. भिवा रॉकेलचा बोळा घेऊन ते पुसत होते. शेक घेऊन ते नुकतेच परतले होते. रंग निघत नव्हता, नुसता पसरत होता.

"राहू द्या भाऊ, दमाल," ओल्गा म्हणाली.

त्यांनी मान हलवली. घशातून काही आवाज काढले, थांबले, पुन्हा तेच आवाज काढले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिला एक अक्षर कळलं नाही. "हो," ती म्हणाली, आणि पदर खोचून दाराचा खालचा भाग पुसायला बसली.