तिसरी फळी

"सोडा हो काका, बोटांना कंप सुटलाय तुमच्या. द्या इकडं, मी बसवते."

"तू तुझा टोफू काप," कुरामोचीकाका म्हणाले आणि बांबूच्या खाचेत फळी स्वतःच सरकवली.

आमच्या उत्सवात स्वार धावत्या घोड्यावरून ओळीनं तीन निशाणांच्या फळ्यांवर बाण सोडतात. एकतीस वर्षं हा माणूस देवळासमोरच्या घोड्यांच्या वाटेवर, तिसऱ्या निशाणाशी बसत आला होता. एरवी खडावा बनवायचे. निशाणाच्या फळ्याही तेच रंधायचे. बाणानं फळी फुटली की पांढरा पंखा वर करायचा, नाही तर मांडीवर ठेवायचा, एवढंच काम. मी एरवी टोफू विकते, उत्सवात त्यांच्या शेजारी बसून बाण गोळा करते. गेल्या वर्षी माझं अठरावं वर्ष होतं. अठरा वर्षांत काका दोनदा हसलेले मी पाहिले, त्यातलं एकदा मला घोड्यानं चिखलानं माखलं तेव्हा.

दोन वर्षांपासून त्यांना धड दिसत नव्हतं. ते मला ठाऊक होतं, कारण घोडा जवळ आला की ते डोळे मिटून घ्यायचे आणि कानानं निकाल द्यायचे. एकदाही चुकले नव्हते. पण उत्सव समितीच्या इवासाला कुणकुण लागलीच होती. उत्सवाच्या सकाळी येऊन तो म्हणाला, "काका, यंदा तुमच्या निशाणाशी एक जरी घोळ झाला ना, तर पुढल्या वर्षी चांगल्या डोळ्यांचा माणूस बसवणार. राग मानू नका."

"हं," काका म्हणाले. त्यांचं हे लांबलचक उत्तर असतं.

शेवटच्या फेरीला मिसाओ होती, तबेलेवाल्याची मुलगी. आदल्या दोन फेऱ्यांतले सहाही बाण लागले होते. नऊच्या नऊ लागले, तर पुजारी खांद्यावर पांढरं वस्त्र घालतात. आमच्या देवळात ते तेव्हापर्यंत कुठल्याच बाईच्या खांद्यावर पडलेलं नव्हतं.

नगारा वाजला. लगाम सोडून, रिकिबीत उभी राहून ती निघाली. "इन्-यो!" सावली आणि उजेड, दोघांना घातलेली हाक. पहिली फळी फुटली. दुसरी फुटली. खाली घोडा वादळासारखा, आणि वर ती काठोकाठ भरलेल्या वाटीतलं पाणी सांडू नये तशी स्थिर. इतकी वर्षं पाहूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि मी काही लवकर भारावणारी बाई नव्हे. तिसरी हाक आमच्या डोक्यावरून लांबत गेली. जमीन हादरली. फट्! फळी दोन तुकडे होऊन खाली, बाण मागच्या पेंढ्यात, घोडा पुढे निघून गेला.

लोक ओरडत उठले.

पंखा मांडीवरच होता.

इवासा धावत आला. "अहो काका, लागलाय! आंधळे झालात का? वर करा पंखा!"

"आधी दगड वाजला," काका शांतपणे म्हणाले. "बाण मागनं आला."

मी तुकडे उचलले. आमच्या बाणाला टोक नसतं, सलगमासारखं लाकडी बोंड असतं. जिथं लागतं तिथं वाटाण्याएवढा खळगा उमटतोच. फळीवर ओरखडाही नव्हता. घोड्याच्या हादऱ्यानं ती खाचेतून निसटली होती, खालच्या दगडावर आपटून फुटली होती. खोटं कशाला बोलू, बोंड दाबून खळगा करावा असं माझ्या मनात आलंच. काकांनी हात पुढे केला. मी तुकडे दिले.

त्यांनी अंगठ्यानं फळी चाचपली. "बाण बरोबर होता पोरीचा. फळी असती तर मधोमध लागला असता. मी सैल बसवली."

"मग करा ना वर!" इवासा कुजबुजला. "कुणाला कळतंय?"

काकांनी पंखा मिटला.

तोवर मिसाओ घोडा धरून चालत आली. काका गुडघ्यांवर बसले, कपाळ जमिनीला लावलं. "माझ्या हातानं तुझं वस्त्र गेलं."

देवापुढची फेरी पुन्हा होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.  ती म्हणाली, "फळी पडताना मी पाहिली, काका. पण तोवर बाण सुटला होता. पंखा वर गेला असता, तर मी बोलले असते की नाही, कोण जाणे." तिनं दोन्ही हातांनी ते तुकडे मागून घेतले आणि कमरेत वाकली. घोडासुद्धा हलला नाही.

या वर्षी तिसऱ्या निशाणाशी इवासाचा भाचा बसला. डोळे घारीचे, फळ्या घट्ट. माझ्याशी भरपूर बोलतो.

काका दोरीपलीकडे, लोकांत बसले होते. मी बाण वेचता वेचता त्यांच्याकडेच पाहत होते. घोडा जवळ आला की ते डोळे मिटत. बाण लागला की मांडीवरचा उजवा हात बोटभर वर उठे, भाच्याच्या पंख्याच्या जरा आधी.

आठही लागल्यावर मिसाओचा नववा बाण आला तेव्हा तो हात खांद्यापर्यंत गेला.