गाडी वाढली

राग माझ्या नाकावर असतो, असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत. बोरी-जिंतूरकडच्या शाळांत तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईच्या नाकावर राग नाही बसणार, तर काय मोरणी बसणार?

पण परभणीत स्टेशन रोडवरच्या त्या खेळण्यांच्या दुकानात मी सुरुवातीला शांत होते. भागवत नावाचा मालक एकेक खोका उघडून दाखवत होता.

“मावशी, ही घ्या. लाइट लागते, धूर निघतो, शिट्टी वाजते. सेल टाकले की सुरू.”

“रूळ वाढवता येतात का?”

“वाढवायचे कशाला? गोल हाय ना. दिवसभर फिरत राहती.”

तिथं माझा पहिला भडका उडाला. “ठेसन इथून हाकेवर हाय. कधी जाऊन बघितलंय का? कोणती गाडी गोल फिरायलीय तिथं? नांदेडला निघालेली गाडी फिरून पुन्हा परभणीलाच यायलीय का?”

भागवतनं तो खोका बंद केला. मला वाढणारीच गाडी हवी होती आणि त्याचं कारण काही त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

प्राची, माझी एकुलती एक लेक, तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. तिचा मुकुल तेव्हा दीड वर्षाचा होता. आता साडेचारचा आहे आणि बोरीला बापाजवळ, म्हणजे आमच्या जावयाजवळ, शिवप्रकाशजवळ असतो. दीड वर्षापूर्वी शिवप्रकाशनं त्रिवेणीशी लग्न केलं. करावं, त्याचं वय काय होतं! पण तेव्हापासून त्या घरात मी पाहुणी झाले. गेलं की चहा मिळायचा, ‘बसा’ मिळायचं, आणि ‘आज कशा काय आलात?’ हा प्रश्न मिळायचा. लेकीच्या घरी आईला कधीही जाता येतं. लेकच नसलेल्या घरी जायला निमित्त लागतं. मी ते विकत घ्यायला निघाले होते.

शेवटी भागवतनं खालच्या फळीवरून धुळीचा एक खोका ओढला. आत लाकडी रूळ होते, एकाची जिभली दुसऱ्याच्या खाचेत बसणारे. एक इंजिन, दोन डबे, लोहचुंबकानं एकमेकांना चिकटणारे. पुढची पाकिटं वेगळी मिळत होती: वळण, पूल, फाटक, बोगदा.

“ही लय लहान हाय मावशी. लेकरू नाराज होईल.”

“मला लहानच पाहिजे. पाकिटं किती हायेत?”

त्यानं मोजली. अकरा होती. म्हणजे अकरा महिने. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एक पाकीट घेऊन जाणार आणि अकरा वेळा मला कुणी ‘कशा काय आलात’ विचारणार नाही. गाडी वाढवायला आले, संपलं.

घरी आमचे हे, सांबप्पा, खोका उलटासुलटा करून म्हणाले, “जावयाचं पोर हरामखोर म्हणत्यात. लय जीव लावू नको, मास्तरीण.” गमतीतच म्हणाले. मी गमतीत घेतलं नाही. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पहिल्या रविवारी गाडी पलंगाखाली मावली. दुसऱ्या खेपेला वळण जोडलं, तिसऱ्या खेपेला फाटक, आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. मुकुल माझ्या शेजारी पोटावर पालथा पडून तोंडानं शिट्टी वाजवत होता. डबे ढकलताना माझा हात पलंगाच्या पायावर आपटला आणि बांगडी गेली.

“आजी, फुटली!” तो ओरडला.

“शिवशिव! फुटली म्हणू नये, राजा. वाढली म्हणावं.”

“वाढली,” तो म्हणाला. मग मजा वाटून तीनदा म्हणाला. त्रिवेणीनं लगेच केरसुणी आणून काचा भरल्या. मला तेही खुपलं. माझी बांगडी मला गोळा करता येत नाही का? निघताना मी मुकुलच्या कानात सांगितलं, “पुढच्या वेळी पूल आणते. गाडी पुलावरून जाईल.”

पूल आणून मी कपाटात ठेवला. रविवार तीन दिवसांवर आला आणि गुरुवारी दुपारी शिवप्रकाशच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे मुकुल होता. आवाज दबका, चोरून बोलल्यासारखा.

“आजी, गाडी वाढली.”

“वाढली? कुणी वाढवली?”

“आई जोडायलीय. तू रागवू नको.”

तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. तिनं आणली पाकिटं! तिला घर मिळालं, नवरा मिळाला, माझ्या नातवाच्या तोंडून ‘आई’ मिळालं. माझ्या वाट्याला अकरा रविवार होते, तेही तिला बघवले नाहीत. आणि ते लेकरू बिचारं मला चोरून सांगतंय, रागवू नको म्हणतंय!

“अगं, फोन करून विचार की नीट,” हे म्हणाले.

“विचारायचं काय? साडेचार वर्षांचं लेकरू खोटं बोलायलंय का?”

शुक्रवारी सकाळी मी बोरीला जायला जिंतूरची बस धरली. पुलाचं पाकीट मांडीवर होतं. वाटेतलं झरी गाव मागे पडेपर्यंत काय काय बोलायचं ते सगळं मनात पाठ झालं होतं. शिकवण्याच्या तयारीला मी कधी कमी पडले नाही.

त्रिवेणी ओसरीवर शेजारच्या दोघींबरोबर तुरी निवडत बसली होती. मला बघून उठली.

“या मावशी. आज कशा काय?”

नेमका तोच प्रश्न.

“का? शुक्रवारी यायला बंदी हाय का?” मी अंगणातूनच सुरू झाले. “गाडी वाढवलीस म्हणं. दुकानात होतं नव्हतं ते सगळं एकदाच आणून टाकलंस ना? म्हणजे ही म्हातारी परत तुझा उंबरा चढायला नको!”

“मावशी, मी कायबी आणलं न्हाई...”

“खोटं बोलू नको! माझ्या प्राचीची भांडी वापरतीस, मी काही बोलले का? तिचं लेकरू तुला आई म्हणतंय, मी तोंड उघडलं का? एक लाकडाची गाडी तेवढी माझी होती. स्वतःची कूस उजवंना, म्हणून माझ्या लेकीचं लेकरू सगळंच्या सगळं गिळायला निघालीस!”

हे शेवटचं मी पाठ केलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. शेजारणींनी माना खाली घातल्या आणि तुरीतले खडे शोधायला लागल्या. त्रिवेणी सूप हातात धरून तशीच उभी राहिली.

“आत या मावशी,” ती हळू म्हणाली. “इथं नको.”

“इथंच बोल.”

तेवढ्यात मुकुल दारात आला. दोन्ही हातांच्या ओंजळीत त्यानं इंजिन धरलं होतं. मधोमध चिरलेलं, चिरेतून फेविकॉल बाहेर येऊन वाळलेला, वरून काळा दोरा गच्च गुंडाळलेला.

“मी याच्यावर उभा राहिलो, आजी,” तो म्हणाला. “ते वाढलं.” मग माझा चेहरा बघून घाबरला. “फुटलं म्हणू नये ना?”

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण मी तीस वर्षं फळ्यावर लिहून दिली. इथं तर आग कुठंच नव्हती. ती मी परभणीहून बसमध्ये मांडीवर घेऊन आले होते.

“बुधवारपासून धड जेवंना,” त्रिवेणी म्हणाली. “आजी रागवंल, आजी आता यायची न्हाई, एकच लावलंय. म्हणून बसले जोडत. दोनदा निघालं, तिसऱ्यांदा चिकटलं. म्हणलं, तुमच्या पुलावरून तरी जावं.” तिनं सूप खाली ठेवलं. “गाडीचं काय न्हाई मावशी. पण कुशीचं बोललात ते बरं न्हाई केलं.”

एवढं बोलून ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

खरं सांगते, त्या क्षणीही मला राग तिचाच आला. ती चुकली असती तर किती सोपं झालं असतं! मग तो राग फिरला आणि जिथं यायला हवा होता तिथं आला. मी पायरीवर बसले. पुलाचं पाकीट कधी हातातून पडलं कळलं नाही.

मुकुलनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. इंजिन त्यानं छातीशी धरलं.

“आजी,” त्यानं विचारलं, “आई वाढली का?”

शेजारणी बघत होत्या. वर्गात पोरानं शब्द चुकवला की मी तिथल्या तिथं दुरुस्त करायची, एकही सोडला नाही.

“हो,” मी म्हणाले. “माझ्या हातून वाढली.”

“मग जोड की,” तो म्हणाला आणि आत पळत जाऊन फेविकॉलची बाटली घेऊन आला.