नेफ्तालीच्या गाडीचे कल्ले

नेफ्ताली न्हावी आहे आणि कापलेलं सगळं परत उगवतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय.

"नेरेइदा, इकडून अजून थोडंसं काढ ना," माझ्या दुकानात उभा राहून तो दोन बोटांत हवा धरून दाखवायचा. "फार नको. टोकंच फक्त."

"हे बॉनेट आहे, नेफ्ताली. गिऱ्हाइकाची झुलपं नाहीत. कापलं की कापलं."

"अगं, पण डावीकडचे कल्ले झोपलेले दिसतात."

झोपलेले! मी टेप लावून दाखवली, पुठ्ठ्याचा साचा दोन्हीकडे ठेवून दाखवला. हा आपला मान तिरकी करून आरशात बघावं तसं गाडीकडे बघतोय.

गाडी लाल, दोन दारांची, जुनी जपानी. दिसायला देखणी, पण डोक्याने गरम. आमच्या बेटावरच्या ग्वायामा गावच्या उन्हात सिग्नलला उभी राहिली की उकळायची. दर जूनमध्ये सान अंतोनिओच्या जत्रेला गावभरच्या गाड्या मिरवणुकीने चौकात जातात. गेल्या वर्षी ही बया चर्चसमोरच वाफा सोडत थांबली आणि बर्फाचा गोळा विकणाऱ्याने तिच्यावर बादली ओतली, ते गाव अजून विसरलेलं नाही. म्हणून नेफ्ताली माझ्याकडे आला. मी सांगितलं, बंपरला दोन्ही बाजूंनी तोंडं उघडते, तिथून थेट रेडिएटरपर्यंत हवेची वाट करून देते आणि गरम हवा बाहेर पडायला बॉनेटवर माशासारखे कल्ले कापते. तो हो म्हणाला. मग ते दिसतील कसे, याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं आणि माझ्या नाकी नऊ आले.

एकदा तो सोनेरी जाळी घेऊन आला. डासही आत जाणार नाही इतकी बारीक.

"हवा कुठून जाणार?" मी विचारलं.

"हवा बारीकच असते ना?"

जाळी मी रस्त्यावर भिरकावली. एकदा दारांवर चिकटवायचे खोटे कल्ले आणले, तेही गेले तिच्या मागोमाग. दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर नेफ्तालीलाही भिरकावलं असतं. पण दुसरं कोणी नव्हतंच. पप्पांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान मी चालवते. लोक दारात येतात, खुर्चीत बसलेल्या पप्पांना रामराम करतात, माझ्या हातातलं कटर बघतात आणि गाडी वळवून निघून जातात. ओरलँडोला माझी बहीण ब्रुनी आहे. तिने तिकडच्या एका गॅरेजात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. जत्रेनंतर सांगते, असं मी तिला म्हटलं होतं. ही गाडी न उकळता चौकात पोचली तर गाव बघेल. उकळली तर शटर खाली ओढायचं आणि विमानात बसायचं. नेफ्तालीलाही हे स्पष्ट सांगितलं होतं.

"तापतेय कशाला?" तो म्हणाला. "आणि दिसतेय कशी, ते बघ!"

भर दुपारी मी ती डोंगराच्या रस्त्याने वर नेऊन आणली. तापमानाचा काटा मधोमध, जागचा हलला नाही. इतकं बरं वाटलं मला की त्या दिवशी नेफ्तालीचं टोकांचं पुराणही मी हसत ऐकून घेतलं.

जत्रेच्या दिवशी मी मिरवणुकीच्या रस्त्यावर, म्हाताऱ्या दोन्या प्रोवींच्या घराखाली उभी होते. त्या वर गॅलरीत पंख्याने वारा घेत बसलेल्या. वळणावरून ढोल आले, भोंगे आले आणि मग गाडी दिसायच्या आधीच तो वास आला. तापलेल्या रेडिएटरचा गोडसर वास.

गाडी वळली. तिच्या नाकापासून काचेपर्यंत आमच्या बेटाचा झेंडा पसरलेला. पलंगपोसाएवढा! चारही कोपरे केसांच्या चिमट्यांनी घट्ट बसवलेले. बंपरची तोंडं बंद, कल्ले बंद.

मी धावत पुढे गेले. "नेफ्ताली! काटा बघ!"

"काय?"

"काटा!"

त्याने बघितलं. "अगं, वर चढलाय!"

"झेंडा काढ!"

"सगळ्या गावासमोर? वेड लागलं का तुला?"

"अरे, नाकतोंड दाबलंयस तिचं!"

"पण लालला लाल किती जुळलंय, बघ तरी!"

मी चिमटे उपटायला लागले. मागून भोंगे, शिट्ट्या, हुर्यो. वरून दोन्या प्रोवी ओरडल्या, "ए पोरी! झेंड्याला हात घालतेस? ओरलँडोला चाललीस म्हणून आमचा झेंडा नकोसा झाला?"

म्हणजे नेफ्तालीच्या दुकानातून सगळ्या गावाला कळलं होतं. माझ्या कानांतून जाळ निघाला. हातात एवढा मोठा झेंडा. खाली टाकता येत नाही, चुरगाळता येत नाही, गाडीत ठेवायला जागा नाही. शेवटी दोन्ही हात ताणून तो डोक्यावर धरला, पाठीवर सोडला आणि गाडीच्या पुढे चालायला लागले.

"अंतर ठेवून ये माझ्या मागे. आणि इंजिनचा पंखा चालू राहू दे!"

तिथून चौकापर्यंत मी तशीच चालले. दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. मागे पंख्याची घरघर तेवढी ऐकत होते, ती थांबली की मी संपले. आणि नेफ्ताली खिडकीतून डोकं काढून ओरडतोय, "नेरेइदा, जरा डावीकडे सरक ना! लोकांना कल्ले दिसत नाहीत!"

देवाशपथ, झेंडा हातात नसता तर मी त्याला धुतला असता. पण डावीकडे सरकले.

चौकात पोचलो तेव्हा काटा मधोमध होता. लोक गाडीभोवती जमले, कल्ल्यांवर हात धरून बाहेर येणारी गरम हवा बघायला लागले. "हे कुणी केलं?" कुणीतरी विचारलं.

"मी," नेफ्ताली म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे, हिने."

दुसऱ्या दिवशी ब्रुनीचा फोन आला. मिरवणुकीतला माझा व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचला होता. "येणार आहेस ना तू? की झेंडा घेऊन तिकडेच चालत राहणार?"

मी काही बोलणार तेवढ्यात दारात गावातला डॉन फेले आला. हाच माणूस वसंतात माझ्या हातातलं कटर बघून परत गेला होता. त्याने पप्पांना रामराम केला, त्यांच्या खुर्चीला वळसा घातला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"नेरेइदा, माझ्या गाडीलाही तसले कल्ले कर. मागच्या डिकीवर. आरपार नसले तरी चालतील, दिसले म्हणजे झालं."

डिकीवर! जिथे इंजिनच नाही तिथे! मी कपाळाला हात लावला.

"ब्रुनी," मी म्हटलं, "ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दे. या लोकांच्या हाती गाड्या सोडून मी कशी येऊ?"